एक प्रतिष्ठित नागरिक पाहिजे

मीरा रोडच्या 'गोकुळ दर्शन' सोसायटीत राहणारे आत्माराम तांडेल हे सरकारदरबारी वाईट गृहस्थ होते. तशी रीतसर नोंद होती, नोंदीखाली सही होती आणि सहीवर शिक्का होता. या नोंदीचा इतक्या वर्षांत सरकारला काही उपयोग झाला नव्हता आणि तांडेलांना काही त्रास झाला नव्हता. सैन्यातून परत आल्यावर त्यांनी एका कंपनीची गाडी चालवली, मुलगी शिकवली, तिचं लग्न करून दिलं, भाईंदरच्या कोळीवाड्यातलं घर भावांना सोडून इथं फ्लॅट घेतला. अजूनही ते रोज सकाळी दाढी करून, बुटांना पॉलिश मारून दूध आणायला जात. वाईट माणसानं इतकं नेमानं वागावं हे जरा विसंगतच होतं. पण ती नोंद ज्या पुस्तकात होती ते सैन्यातून सुटल्याचं पुस्तक कपाटात त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांच्या शालूखाली पडून होतं, आणि शालूचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

घोळ केला तो नातीनं. समिधा, म्हणजे मुलीची मुलगी, सैन्यात अधिकारी म्हणून निवडली गेली आणि प्रशिक्षण संपत आलं तेव्हा तिचा फोन आला.

"आजोबा, शेवटच्या परेडनंतर घरच्यांनी खांद्यावर स्टार लावायचे असतात. एका खांद्यावर आई लावेल. दुसऱ्यावर तुम्ही."

"बघू," तांडेल म्हणाले आणि फोन ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"बघू म्हंजे काय?" कृष्णाबाईंनी आतून विचारलं. "पोरगी बोलवते हाय आनी तुमी बघू म्हनता?"

"पुस्तकात काय लिवलंय ठाव हाय ना तुला? तसल्या हातानं स्टार लावू?"

कृष्णाबाईंनी भांडी जरा जोरात ठेवली.

इकडे ही बातमी सोसायटीचे सेक्रेटरी जयकुमारभाई यांच्या कानावर गेली. सोसायटीत सत्कार निघाला की पाण्याच्या टाकीचा विषय मागे पडतो, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी ताबडतोब सभा बोलावली. आजोबा सैनिक, नात अधिकारी, असा गेटवर मोठा फ्लेक्स लावायचं ठरलं. फ्लेक्सवर मजकूर बिनचूक यावा म्हणून त्यांनी तांडेलांकडून पुस्तक मागवून घेतलं आणि भर सभेत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"नाव, बराबर. रँक नाईक, बराबर. कॅरेक्टर..." जयकुमारभाई थांबले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "काका, इथे बॅड लिहिला आहे. हा काय शॉर्ट फॉर्म आहे का?"

"न्हाय," तांडेल म्हणाले. "बॅड म्हणजे बॅडच."

सभेत शांतता पसरली. टाकीच्या विषयालासुद्धा इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. मग तांडेलांनी, विचारलं गेलं म्हणून, जे घडलं ते सांगितलं.

त्यांची तुकडी एका उजाड माळावर होती. तिथं हिरवीगार झाडं लावली आहेत असं कागदोपत्री वर कळवलेलं होतं. अचानक एक मोठे साहेब ती झाडं पाहायला येणार असल्याचा निरोप आला. निरोप आणि साहेब यांच्यामध्ये झाडांना वाढायला पुरेसा अवधी नव्हता. म्हणून आदल्या संध्याकाळी जंगलातून चांगल्या उंच फांद्या तोडून आणल्या, जमिनीत रोवल्या, बुंध्यांना चुना फासला आणि शेवटच्या फांदीजवळ नाईक तांडेल यांना सावधान उभं केलं. साहेब फार खूश झाले. तांडेलांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी प्रेमानं विचारलं, "बहुत बढिया पेड है. कब लगाया?"

"कल शाम को, साब."

साहेबांनी झाडाला हात लावला. झाड साहेबांच्या हातात आलं.

"साहेब पुढं निघून गेले," तांडेल म्हणाले. "आमच्या साहेबांनी मग मला काढला. आज्ञाभंग, कॅरेक्टर बॅड, सेवेची आवश्यकता नाही."

"पण कुठली आज्ञा मोडली तुम्ही?"

"ती त्यांना पन लिवताना आठवत नव्हती."

सोसायटीनं टाळ्या वाजवल्या. निवृत्त मुख्याध्यापिका उर्मिला सबनीस यांनी तर डोळे पुसले आणि सत्य या विषयावर चार शब्द सांगितले. शेवटी जयकुमारभाईंनी ठराव मांडला की तांडेलकाकांसारखा माणूस या इमारतीत दुसरा नाही. पण फ्लेक्स गेटवर लागतो, कोणीतरी येऊन पुस्तक पाहायला मागितलं तर सोसायटीची पंचाईत होईल. तेव्हा काकांनी आधी नोंद दुरुस्त करून घ्यावी, सत्कार लगेच मागाहून. ठराव एकमतानं मंजूर झाला.

*

माजी सैनिकांच्या चारित्र्य-नोंदी दुरुस्त करणारा कक्ष हाटकेश भागातल्या एका औद्योगिक गाळ्यात होता. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या तयार होत; लोखंडी जिना चढून वर गेलं की पोटमाळ्यावर चारित्र्य. तिथले लिपिक भूपेश हे अतिशय सौजन्यशील होते. त्यांनी तांडेलांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज शांतपणे वाचला आणि परत दिला.

"काका, अर्ज सुंदर आहे. पण हा विचारात घेता येत नाही."

"का?"

"शेवटी तुम्ही लिहिलंय, 'वरील मजकूर खरा आहे.' हे कोण म्हणतोय? अर्जदार. अर्जदाराचं चारित्र्य काय? बॅड. बॅड माणसाच्या शब्दावर सरकार विश्वास ठेवेल का? तुम्हीच सांगा."

तांडेलांनी विचार केला. त्यात चूक काही सापडेना. "म्हणजे चांगल्या चारित्र्याच्या माणसानं अर्ज केला तर चालेल?"

"एकदम चालेल. पण त्याला दुरुस्तीची गरज नसते, म्हणून तो फेटाळतो आम्ही."

खालून बादल्यांच्या मशीनचा धडाड आवाज आला. तो थांबेपर्यंत दोघंही आदरानं गप्प बसले.

"यावर तोडगा आहे," भूपेश म्हणाले. "दोन प्रतिष्ठित नागरिकांची प्रतिज्ञापत्रं आणा. त्यांनी फक्त लिहायचं की आम्ही यांना ओळखतो आणि हा माणूस खोटं बोलत नाही. नातेवाईक चालत नाहीत. एवढंच."

"एवढंच?" तांडेलांना हसू आलं. "आमच्या सोसायटीत नुसती प्रतिष्ठित माणसं हायत, साहेब."

त्या संध्याकाळी गोकुळ दर्शनच्या आवारात सही करायला झुंबड उडाली. जयकुमारभाईंनी स्वतःचं पेन आणलं होतं. उर्मिलाबाई म्हणाल्या, पहिला मान शिक्षकाचा. तळमजल्यावरचे डॉक्टर निकेत दवाखाना सोडून आले. थोडी ढकलाढकलीही झाली. त्या गडबडीत तांडेलांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला छापलेली व्याख्या सर्वांना ऐकू जावी म्हणून वाचली. खोटं बोलायचं नाही तसं काही लपवायचंही नाही, अशी त्यांची सवय होती.

"प्रतिष्ठित नागरिक म्हणजे ज्याने कोणत्याही सरकारी अगर नगरपालिकेच्या नियमाचा भंग केलेला नाही, आणि ज्याचे राहते घर मंजूर नकाशाप्रमाणे आहे, असा इसम. सही करणाऱ्याच्या घराची समक्ष पाहणी करण्यात येईल."

जयकुमारभाईंनी पेनाला टोपण लावलं.

मंजूर नकाशात गोकुळ दर्शनच्या प्रत्येक फ्लॅटला एक गॅलरी होती. ती हवेसाठी होती. प्रत्यक्षात एका घरात तिचं देवघर झालं होतं, एकात स्वयंपाकघर, एकात सुनेची खोली. जयकुमारभाईंनी गॅलरी तर हॉलमध्ये घेतलीच होती, शिवाय तिच्याबाहेर लोखंडी पिंजरा काढून त्यात नवी गॅलरी केली होती आणि अलीकडे तीही आत घ्यावी की काय अशा विचारात ते होते.

"काका, आपण तुमच्यासाठी जान देईल," ते म्हणाले. "पण मिसेसचा किचन तिथे आहे."

"मी कधी खोटं बोलले नाही," उर्मिलाबाई म्हणाल्या, "पण माझ्या गॅलरीत क्लासची मुलं बसतात. त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

डॉक्टर निकेतना एकदम पेशंट आठवला. दवाखाना हीच मुळात पार्किंगची जागा होती.

कोणी वाईट वागलं असं नाही. सगळे तांडेलांना अत्यंत आपुलकीनं सोडून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते लिफ्टमध्ये दिसले की लोक जिन्यानं जाऊ लागले. त्यामुळे बऱ्याच जणांची तब्येतही सुधारली. तांडेल मात्र चिडले नाहीत. उलट त्यांना यात गंमत वाटू लागली. बूट चमकवून ते रोज बाहेर पडत आणि मान वर करून एकेक इमारत पाहत. मीरा रोडला त्यांनी एक तरी मोकळी गॅलरी शोधली, ती सापडली नाही. काशीगावात त्यांचा जुना मित्र राघो होता, त्याच्याकडे गेले. राघोचं घर तर बैठं होतं.

"सही काय, दोन ठोकतो," राघो म्हणाला. "पन नकाशाबरहुकूम घर बोलतोस ते कसं जमंल? घरच नकाशात न्हाय."

शेवटी तांडेल पुन्हा लोखंडी जिना चढले.

"साहेब, तुम्ही मला आता वळखता. तुम्हीच करा सही."

भूपेश यांनी खाली पाहिलं. "काका, मी नवघरला राहतो. गॅलरीत आई झोपते."

"मग तुमचे मोठे साहेब?"

"त्यांच्या गॅलरीत ते स्वतः झोपतात." भूपेश यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि खरं सांगू? आपण बसलोय तो पोटमाळासुद्धा नकाशात नाही. नियमानं बघायला गेलं तर हे ऑफिस इथं नाहीच."

तांडेल मोठ्यानं हसले. मग भूपेशही हसले. नसलेल्या ऑफिसात दोघांनी चहा घेतला.

*

परेडचा दिवस जवळ आला तशी कृष्णाबाईंनी न विचारता बॅग भरली. तांडेल म्हणाले, "पुस्तक दुरुस्त झालं न्हाय अजून."

"पुस्तक लावनार हाय का स्टार? तुमी लावनार. चला."

तांडेल गेले. कोट घातला, पण छातीवर काही लावलं नाही. मैदानावर बँड थांबला, मुली रांगेत उभ्या राहिल्या, आणि समिधानं आजोबांकडे खांदा केला. स्टार पहिल्यांदा वाकडा लागला. समिधा ओठ न हलवता कुजबुजली, "आजोबा, सावधान." मग तो सरळ लागला. कृष्णाबाई रडल्या आणि वर लेकीला म्हणाल्या की ऊन डोळ्यांत गेलं.

मागाहून चहाच्या वेळी एक कर्नलसाहेब तांडेलांजवळ आले. उभं राहण्याच्या पद्धतीवरूनच त्यांनी जुना सैनिक ओळखला होता.

"कुठलं युनिट? काय म्हणून निवृत्त झालात?"

समिधानं आजोबांकडे पाहिलं. तांडेलांना एक छोटंसं खोटं बोलता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं.

"निवृत्त नाही, साहेब. काढलं होतं. कॅरेक्टर बॅड."

आणि त्यांनी झाडाची हकीकत सांगितली. कर्नलसाहेब ऐकता ऐकता गंभीर झाले. मैदानाच्या कडेला चुना फासलेल्या झाडांची ओळ होती, तिकडे त्यांची नजर गेली.

"आमची ही कशी वाटतात?"

तांडेल चालत झाडाजवळ गेले, बुंध्याला हात लावून हलवून पाहिलं. "ही धरलीत, साहेब."

कर्नलसाहेब इतके हसले की त्यांच्या कपातला चहा सांडला. समिधानं मग गॅलरीचं प्रकरण सांगितलं. कर्नलसाहेब म्हणाले, "मी सरकारी बंगल्यात राहतो. तिथं खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो. आणा तो कागद." कृष्णाबाईंनी तो बॅगेत घातलाच होता. आणि त्यांनी तिथल्या तिथं, चहाच्या टेबलावर, नाईक आत्माराम तांडेल खोटं बोलत नाहीत असं लिहून सही केली. तांडेलांनी कागद घेतला आणि इतक्या वर्षांनी कडक सलाम ठोकला. समिधाला मागं वळून नाक पुसावं लागलं.

तो कागद पाहून भूपेश यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी बादल्यांच्या गाळ्यातून लोक बोलावून दाखवला. "काका, अर्धं काम झालं. आता दुसरी सही. फक्त ती स्थानिक रहिवाशाची लागते. इथल्याच कोणाची तरी."

तर सध्या परिस्थिती अशी आहे. नात सीमेवर आहे, सत्कार तहकूब आहे, टाकीचा विषय पुन्हा निघाला आहे आणि अर्ज दुसऱ्या सहीसाठी उघडा आहे. तांडेल मजेत आहेत. रोज संध्याकाळी ते नव्या रस्त्यानं जातात, एखाद्या बिल्डिंगखाली थांबतात, वर पाहतात. भेटले तर ते तुम्हाला आदरानं नमस्कार करतील आणि काही मागणार नाहीत, एक सही सोडून. त्यांची हकीकत तुम्हाला पटली असेल, माणूस आवडला असेल, झाल्या प्रकाराची चीडही आली असेल. आता हे वाचताना तुम्ही घरात ज्या खिडकीपाशी बसला आहात, तिथं उजेड छान येतो. बिल्डरच्या नकाशात त्या जागेला काय म्हटलं होतं?