गच्चीवरचं शिसं

सोमवारी सकाळी साडेसात वाजता सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडली. एका प्रयोगशाळेने कर्वेनगरातल्या या इमारतीच्या गच्चीवर हवा तपासणारं यंत्र बसवलं होतं. त्याच्या फिल्टरवर शिसं सापडलं होतं, मर्यादेच्या तिप्पट.

अय्युबभाईंचा चहा कपातच निवला. लेक अलफिया पहिल्या बाळंतपणाला वाघोलीहून माहेरी यायची होती. त्यांच्या पत्नी हुस्नबानूंना ग्रुपवरचं काहीही पुढे पाठवल्याशिवाय चैन पडत नसे. त्यामुळे जावई फैझलचा फोन नऊच्या आत आला.

"अब्बा, शिसं बाळाच्या मेंदूवर जातं. अलफियाला तिकडे पाठवायची रिस्क मी नाही घेणार. सॉरी."

अय्युबभाईंनी उठून पंखा बंद केला.

"अहो, पंखा का घालवलात?"

"शिसं फिरवतो तो घरभर."

"मग उकडून मरू या का?"

खाली नोटीसबोर्डवर सेक्रेटरी श्यामसुंदररावांचा फलक लागला होता : 'गच्चीवर खोल श्वास घेऊ नये. घेतल्यास सोसायटी जबाबदार नाही.'

दुपारी प्रयोगशाळेची नीरजा नवा फिल्टर घेऊन आली. "नमुना घेतला त्या दिवशी गच्चीवर कुणी काही केलं होतं का? कचरा जाळणं, रंगकाम?"

त्याच दिवशी अय्युबभाईंनी कठड्याचा जुना ऑइलपेंट पॉलिशपेपरने घासून काढला होता. प्रयोगशाळेच्या मॅडम येणार, गच्ची कशी नीटनेटकी दिसायला हवी!

"थोडं घासलं होतं," ते म्हणाले. "पण यंत्रावर धूळ बसली, ती मी लगेच साफ केली."

"कशानं?"

"फुंकर मारून."

नीरजाने डोळे मिटले. "काका, जुन्या रंगात शिसं असतं. बहुतेक तेच असणार. पण दुसरा नमुना आल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

अय्युबभाईंनी 'तेच असणार' एवढंच ऐकलं. ते जिना उतरता उतरताच फैझलला फोनवर सगळं सांगून मोकळे झाले. शुक्रवारी अलफियाला घेऊन येतो, असं तो म्हणाला. मग स्वतःहून श्यामसुंदररावांचं दार वाजवलं.

"म्हणजे सबंध सोसायटी तोंडाला फडकी बांधून फिरतेय, ती तुमच्यामुळे?"

"हो, माझ्यामुळेच!"

"मग हसताय काय? सत्कार करायचाय का तुमचा?"

नीरजाच्या सांगण्यावरून अय्युबभाईंनी गच्ची ओल्या फडक्याने तीनतीनदा पुसली आणि नव्या फिल्टरला कुणाचा धक्का लागू नये म्हणून दारात स्टूल टाकून बसले. तळमजल्याच्या मालनबाई गादी घेऊन वर आल्या.

"गादी झटकायची नाही, मालनबाई."

"मग काय करू तिचं? ओवाळू?"

"खाली न्या. माझ्या नातवाचा प्रश्न आहे."

मालनबाई गादी घेऊन परत गेल्या. जाताना तीन मजले ऐकू जाईल एवढं बोलल्या.

शुक्रवारी दुपारी नीरजाचा फोन आला. "काका, दुसरा निकाल आलाय. आकडा तोच आहे. किंचित जास्तच."

"पण यावेळी मी कशाला हातसुद्धा लावला नाही!"

"म्हणूनच सांगतेय. तुमच्या घासण्यानं फार फरक पडलेला दिसत नाही. शिसं बाहेरून येतंय."

"मॅडम, नीट बघा. माझंच असेल ते. कोपऱ्यात राहिलं असेल थोडं."

"नाही, काका."

"मी लिहून देतो."

"काका, तुमची चूक नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना निर्दोष ठरवत होतं आणि त्यांना नेमकं तेच नको होतं. त्यांनी फैझलला फोन लावला. तो गाडी चालवत होता, त्याने उचलला नाही. मग अलफियाचा मेसेज आला : 'नळ स्टॉपला पोचलो, दहा मिनिटांत घरी. खिडक्या उघडून ठेवा अब्बा, मला हल्ली गुदमरायला होतं.'

"कुणाचा मेसेज हो?" हुस्नबानूंनी आतून विचारलं.

अय्युबभाई खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभे होते. तिसरा फिल्टर सकाळीच बसवला होता. शिसं कुठून येतंय, ते अजून कळलेलं नव्हतं.