विसूनानांची पावसातली पायगाडी

आमचे विसूनाना पायगाडीवर, म्हणजे सायकलवर, बसले की चालत निघालेला माणूस त्यांच्या आधी पोचे. वाटेत कोणी वडीलधारं दिसलं की नाना खाली उतरत, जोडे काढत, नमस्कार करत आणि मग पुन्हा चढत. "वडील माणूस पायी आणि आपण उंच बसून पुढून जायचं? जळ्ळं ते वाहन!" कल्याणात म्हातारे भरपूर. त्यामुळे नाना कारकून होते त्या मामलेदार कचेरीपर्यंत गाडी बहुतेक हातात धरूनच जाई.

विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतलेली. नाना तिला 'बाईसाहेब' म्हणत. "बाईसाहेबांना उतार सोसत नाही हो!" असं ओरडत ते उतारावरून सुटले की बाजारातले लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढत. बायको वारल्यापासून घरात दोघंच, नाना आणि बाईसाहेब.

त्यांचं दुसरं वेड मात्र हसण्यासारखं नव्हतं. भर पावसाळ्यात, आभाळ फाटलेलं असेल नेमका तोच दिवस धरून, नाना एकटेच मुरबाडच्या डोंगरांकडे निघत. उन्हाळ्यात कधीच नाही. विचारलं तर म्हणत, "हवा खायला."

त्या आषाढात त्यांच्या अंगात ताप होता. मी शेजारी, मी गाडीच धरून ठेवली. "नाना, पाऊस तरी थांबू द्या."

"थांबल्यावर जाऊन काय करू, बापू?" म्हणाले, आणि गेले.

थोड्या वेळाने वारा उठला. आमच्या घराची कौलं उडू लागली. बायको म्हणाली, "अहो, त्यांना मागेपुढे कोणी नाही. तुम्हीच जा." मी टांगा केला.

वाटेत रायते गावाच्या पुलावर पाणी चढलेलं. काठावर इरलं पांघरून एक कुणबी उभा होता. "पायगाडीवाला? गेला ना! गाडी खांद्यावर घेतली न् पाण्यातून गेला. लई सांगितला, आयकला नाय."

पाणी उतरेपर्यंत आम्ही थांबलो. पुढे नुसते चढउतार आणि चिखल. चिखलात चाकाचा एकच बारीक माग दिसे, मध्येच पुसला जाई. मुरबाडच्या पुढे एका उतारावर तो पार नाहीसा झाला. खाली ओढ्यालगत करवंदीच्या जाळीत नानांची पगडी अडकली होती.

मी हाका मारल्या. ओढ्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना. टांगेवाला खाली उतरला, पाण्यात काठी घालून चाचपू लागला.

तेवढ्यात तो ओरडला, "इकडं या!" चाक वाकलेली पायगाडी एका झाडाला नीट टेकून उभी होती. "टेकून ठेवलीय, म्हणजे माणूस जिता हाय."

तिथून पायवाट वर वाडीत जात होती. पहिल्याच घराच्या ओसरीवर नाना कुडकुडत बसलेले, कपाळावरच्या खोकेत हळद दाबलेली. एक पिकलेली म्हातारी त्यांना पेज पाजत होती. मला बघून नाना दचकले. उठून मला ओसरीच्या टोकाला घेऊन गेले.

"माझ्या सासूबाई," ते हळूच म्हणाले. "त्यांच्या ध्यानात काही राहत नाही रे. ती गेल्याचं दोन-तीनदा सांगून पाहिलं. दर वेळी त्यांनी नव्यानंच हंबरडा फोडला. आता विचारतात, मुलीला का नाही आणलं? मी म्हणतो, एवढ्या पावसात कशी आणू? उन्हाळ्यात काय सांगू, बापू?"

"कोण आलंय हो, जावईबापू?" म्हातारीने विचारलं.

"आमचे शेजारी."

तिने मला जवळ बसवलं. माझा भिजलेला हात हातात घेतला. "शेजारी ना? मग तुम्ही सांगा. हे नुसतं 'बरी आहे' म्हणतात. माझी द्वारका कशी आहे हो?"

नाना पाठ फिरवून पावसाकडे बघत राहिले.

"छान आहे," मी म्हणालो. "कालच आमच्याकडे अळूवड्या घेऊन आली होती. आमच्या हिच्याशी कितीतरी वेळ बोलत बसली."

म्हातारी हसली. "मीठ जास्त पडलं असेल. लहानपणापासून तिचा हात तसाच."

"जरा जास्तच," नाना म्हणाले. तोंड मात्र त्यांनी वळवलं नाही.