स्वतःच केलेली इजा

पालिकेच्या खात्यात शहरभरच्या गटारांचे नकाशे काढणाऱ्या एका आरेखकांना स्वतःच्या आतड्याचा मात्र थांग लागत नव्हता. सूज जुनी होती आणि औषधांना दाद देत नव्हती.

"बाहेरचा जंतू वगैरे काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची प्रतिकारशक्तीच आतड्यावर तुटून पडतेय. तिला आवरणारं इंजेक्शन आहे. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, पण करून बघू. नाहीतर आतड्याचा तुकडा काढावा लागेल."

इंजेक्शन महाग, म्हणून आरेखक खात्याच्या विमा अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले.

"हल्ला कुणी केला?"

"माझ्याच प्रतिकारशक्तीनं, साहेब."

"म्हणजे तुम्हीच."

"तसं नव्हे हो..."

"शक्ती तुमची, आतडं तुमचं. मध्ये तिसरा कोण आहे? स्वतःच स्वतःला केलेल्या इजेला विमा लागू नाही."

प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण खातं संवेदनशील होतं. स्वतःला इजा करणारा कर्मचारी एकटा सोडणं नियमात बसेना. आरेखकांचं कर्कटक जप्त झालं आणि संडासापर्यंत सोबतीला दोन शिपाई नेमले गेले.

"दादा, ठीक आहात ना? आवाज द्या!" शिपाई दाराबाहेरून ओरडत. आवाज येई. तो देणं न देणं दादांच्या हातात नव्हतं.

"अहो, त्यांना समजावत काय बसलाय?" बायको वैतागून म्हणाली. "सरळ हल्लेखोराविरुद्ध तक्रार ठोका."

त्यांनी ठोकली. खातं खडबडून जागं झालं. प्रतिकारशक्ती कामाच्या वेळेत कचेरीत हजर असते, सबब ती खात्याच्या शिस्तीखाली येते, असं ठरलं. तिच्याकडून खुलासा मागवला. तिनं तो मुदतीत दिला नाही. या उद्धटपणाबद्दल चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला निलंबित करण्यात आलं. आता आदेश बजावायचा कसा, असा पेच पडला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन सुचवलं. बजावणीचा खर्च अर्थातच खात्याचा.

"पुरतं निलंबन नको हं," बाईंनी बजावलं. "साध्या तापालाही दारात अडवायला कुणीतरी लागतं."

इंजेक्शन लागू पडलं. काही महिन्यांत आरेखक एका बैठकीत अख्खा नकाशा पुरा करू लागले. ते पाहून शेजारच्या टेबलावरच्यांनी एकमेकांना डोळा घातला.

"बघा, आता कसे ठिय्या मारून बसतात! म्हणजे आधीची सगळी नाटकंच होती."

तुमच्याही कचेरीत कुणीतरी सारखं उठून जात असेल. त्याच्याबद्दल तुम्ही परवा चहा पिताना काय म्हणालात, ते आम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला आहे.