खारकोंडीची उत्तीर्ण हवा

म्हातारपण आणि विसर यांचे नाते निसर्गसिद्ध असून त्यात तिसऱ्याने नाक खुपसू नये. तो तिसरा दगडी कोळसा असेल, तर मुळीच नाही.

रेवसच्या अलीकडे, खारकोंडीत कोळशाचा धक्का झाल्यापासून गावाची भरभराटच होती. उघड्या ट्रकांमुळे कोळसा घरोघर फुकट पोचे (चूल असो वा नसो). मिठागरातले मीठ फारसे कष्ट न घेता काळे होई. न खोकणाऱ्यांचे प्रमाण शून्यावर आणण्यात गावाला यश आले होते.

चांगदेवने जन्मभर मिठागर राखले. त्याच्या बायकोला, गोदूला, अलीकडे विसर पडू लागला होता. ती कालवणात दोनदा मीठ घाली, माहेर समजून शेजाऱ्यांच्या घरात शिरे. एके दुपारी तिने चांगदेवलाच विचारले, "कुनाकरचं पाव्हनं तुमी?" हवेतली बारीक धूळ म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यालाही बाधू शकते, असे अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितले. चांगदेवने सरकारी कचेरीत अर्ज दिला: ट्रकांवर ताडपत्री टाका.

अर्जाची तातडीने दखल घेतली गेली (म्हणजे दोन पावसाळ्यांनी). साठीवरच्या सर्वांची स्मरणचाचणी ठरली. रीत शास्त्रीय होती: तीन शब्द सांगायचे, थोडा वेळ हवापाण्याच्या गप्पा मारायच्या (हवेच्या टाळून) आणि मग तेच शब्द विचारायचे. म्हातारे विसरले तर ताडपत्री, नाही विसरले तर हवा निर्दोष.

आता, खारकोंडी आजवर एकाही तपासणीत नापास झालेली नव्हती. हागणदारीमुक्तीच्या वेळी तर संडासात रचलेली लाकडे आदल्या दिवशीच हलवली होती. त्याच परंपरेने गावची आशा सेविका हेमाली हिने, चाचणी आधीच उरकलेल्या शेजारच्या गावातून शब्द काढून आणले आणि देवळात म्हाताऱ्यांचा वर्ग भरवला. टाळांच्या साथीत, भजनाच्या चालीवर गाव घोकू लागले: चावी, बटाटा, होडी.

गोदू नापास होण्यातच तिचे भले आहे, हे चांगदेवला कळत होते. पण शेजारची नलू ओट्यावर येऊन म्हणाली, "दादूस, गोदू येडी झाली म्हनतात, खरा हाय का? तुझ्या नातीचा लगीन जमवायचा हाय अजून." त्या संध्याकाळी चांगदेव गोदूला घेऊन बसला.

"बोल गो, चावी. नाव घालवू नको आपला."

चाचणीला कचेरीतले साहेब आले, ते गाडीची काच वर करून. गोदूला त्यांनी नाव विचारले. तिने चांगदेवकडे पाहिले. हे कोण, म्हणून विचारले, तर म्हणाली, "पाव्हनं." साहेबांनी शब्द सांगायला तोंड उघडले, तोच ती म्हणाली, "चावी, बटाटा, होडी." साहेबांनी शेरा मारला: अपेक्षेपेक्षा जलद.

गाव शंभर टक्के उत्तीर्ण, गोदू पहिली. कोळशाच्या कंपनीने तिला शाल-श्रीफळ दिले. कोळशाने स्मृती वाढते हे आता सिद्धच झाल्याने ट्रकही वाढवायचे ठरले.

सत्काराच्या टाळ्या थांबल्यावर चांगदेव उठला. "सायब, मीच शिकवला तिला. मी चुकलो. तिला मी कोन ते बी ठाव न्हाय."

साहेब मायेने म्हणाले, "बाबा, शिकवलेलं लक्षात राहणं, यालाच स्मरणशक्ती म्हणतात." अर्ज निकाली निघाला.

घरी येऊन चांगदेवने काजळी झटकून शाल गोदूच्या खांद्यावर घातली. "भला मानूस हाय," ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "घरची वाट बघत असतील तुमची." तो तिथेच बसून रडला.

आता वाचकांनी वर न बघता ते तीन शब्द आठवावेत. आठवले असतील, तर अभिनंदन: आपल्याही गावची हवा उत्तीर्ण आहे, ताडपत्री मागू नये. आठवले नसतील, तर आपले वय झाले आहे.