आत्याबाईंची पोच

आधीच सांगते, माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या ह्यांच्याबद्दल कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचे हे पाण्याच्या मोटारीला निरोप पाठवतात.

बोलून नाही, मोबाइलवर लिहून. गच्चीवरच्या टाकीपाशी एक प्लास्टिकचा डबा आहे. त्यात ह्यांच्या कैलासवासी आत्याबाईंचा जुना बटणांचा फोन आहे. फोनच्या पोटातून वायरी निघतात, त्या एका छोट्या निळ्या बोर्डाला लागतात आणि बोर्डाच्या तारा मोटारीला. ह्यांनी खिशातला फोन काढून मेसेज टाकला, की डब्यात टक् असा आवाज होतो आणि मोटार सुरू होते. मग आत्याबाईंच्या फोनवरून उलटा मेसेज येतो. हे चष्मा कपाळावर सारून तो वाचतात आणि समाधानाने म्हणतात, "पोच आली."

आत्याबाईंनी हयातीत कुणाचं काही ऐकलं नव्हतं. आता एका मेसेजला उठतात.

हे कंपनीत वायरमन होते. रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, हे बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या रेडिओच्या सामानाच्या दुकानात जाऊन बसू लागले. नातेवाइकांकडे गेले की चहाच्या आधी विचारणार, "जुना फोन पडलाय का घरात?" माझ्या सासऱ्यांचा फोन आता देवापुढचा दिवा लावतो. माझ्या भावाने जन्मात स्वतःचं ताट उचलून ठेवलं नाही, पण त्याचा फोन रोज तुळशीला पाणी घालतो. ह्यांचे पणजोबा म्हणे सरकारच्या फौजेत हुकूम सोडत. ह्यांना माणसांसमोर तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटतो, म्हणून सगळे हुकूम डब्यांना.

"पोच" हा ह्यांचा आवडता शब्द. मी चहा ठेवला की न बघता "पोच". लग्नाची पत्रिका आली तरी "पोच". एकदा शेजारच्या काकांच्या सांत्वनाला गेलो, तिथेही तोंडातून निघत होतं. मी कोपराने ढोसलं म्हणून थांबले.

सुरुवातीला आत्याबाईंचा डबा कुणाचाही मेसेज आला की मोटार चालू करायचा. आम्ही दोघं फतेगंजला एका बारशाला गेलो होतो आणि इकडे सिमवाल्यांचा ऑफरचा मेसेज आला. टाकी भरली, वाहिली, खालच्या ज्योत्स्नाबेनच्या वाळत घातलेल्या पापडांवर धो धो पडली. आम्ही परत आलो तर त्या ओली चादर पिळत ओट्यावर उभ्या. "भाभी, तमारी आत्याए मारा पापड खाधा," म्हणाल्या, म्हणजे तुमच्या आत्याने माझे पापड खाल्ले. हसूनच म्हणाल्या, पण पुढे बरेच दिवस आमच्याकडे वाटी आली नाही.

तेव्हापासून ह्यांनी बंदोबस्त केला. आत्याबाई फक्त ह्यांच्याच नंबरचं ऐकणार. आणि भिंतीवरचं बटण काढूनच टाकलं, दोन ठिकाणांहून हुकूम गेले तर घोटाळा होतो म्हणून.

मला इथे लागलं. ते बटण माझं होतं. लग्न होऊन आले त्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी मोटार मी लावायची, मी बंद करायची. आता पाणी हवं तर ह्यांना सांगायचं, हे आत्याबाईंना सांगणार. बाई मेलेली आणि तरी सासुरवास.

खरं सांगते, मी जळत होते. पाण्याची विचारपूस आत्याबाईंकडे, दिव्याची सासऱ्यांकडे, तुळशीची माझ्या भावाकडे. माझी विचारपूस करायला घरात एकही डबा शिल्लक नव्हता. माझ्याकडेही बटणांचा फोन आहे. त्यावर लेकीचा फोन येतो आणि बाकी तो टीव्हीवर पडून असतो. ह्यांनी मला जन्मात एक मेसेज टाकला नाही.

मग हे पुतण्याच्या लग्नाला नाशिकला गेले. माझा गुडघा सुजलेला, मी बडोद्यातच राहिले. रोज सकाळी वर टक् वाजायचं. नाशिकला मांडवात बसून ह्यांना टाकीची आठवण येत होती. मला एकदाच फोन केला, बरी आहेस ना विचारलं, मी हो म्हटलं, आणि लगेच म्हणाले, "आत्यांची पोच उशिरा येतेय. जरा वर जाऊन बघतेस?"

गेले. एकेक पायरी बसत गेले. डबा ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या गडबडीत हे विसरले असावेत, सकाळी टक् वाजलंच नाही. नळाला थेंब नाही, भांडी तशीच. फोन करून ह्यांच्याकडे पाणी मागायचं माझ्या जिवावर आलं. मी माझा फोन घेतला, ह्यांनी भिंतीवर लिहिलेला आत्याबाईंचा नंबर बघितला आणि एकेक बटण दाबत मराठीत लिहिलं, 'आत्याबाई पाणी सोडा'. पाठवला आणि कान देऊन बसले.

काही नाही. मी त्या घरात कुणी नव्हतेच. ज्योत्स्नाबेनकडून दोन बादल्या आणल्या.

हे परत आले, पेढे दिले, आणि चप्पल काढायच्या आधी गच्चीवर. आत्याबाईंचा फोन उघडून बघितला असणार. खाली आले ते प्रवासाची बॅग सोडत बसले. पण दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर जे जाऊन बसले ते जेवायलाही हाक मारमारून यायचे. बोर्ड, वायरी, कागदावर आकड्यांच्या रांगा. मी मनात म्हटलं, आता तर हे तिच्याकडे राहायलाच गेले.

एका सकाळी खाली आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परवासारखा मेसेज टाकून बघ."

म्हणजे वाचला होता. माझे कान तापले. मी टाकला. वर टक् झालं आणि मोटार लागली.

मग न्याहारीचे घास घेता घेता सांगत बसले, की तुझा नंबर घालणं सोपं होतं, पण मराठी अक्षरं बोर्डाला नुसते आकडे दिसतात, इंग्रजीसारखी सरळ वाचता येत नाहीत, एकेक अक्षर त्याला शिकवावं लागलं. ह्यांचा एवढा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने टीव्हीवरचा माझा फोन वाजला. आत्याबाईंचा मेसेज. मराठीत. 'टाकी भरली. गुडघा दुखतोय, जिना चढू नकोस.'

मी ह्यांना दाखवला. हे कपात बघत म्हणाले, "आत्यांची पोच आहे."

म्हटलं, आत्याबाई सगळ्यांशीच एवढं गोड बोलतात की काय? संशय काही जाईना. हे अंघोळीला गेले तेव्हा ह्यांचा फोन उघडून आत्याबाईंशी झालेले मेसेज काढले. इंग्रजी मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं, पण फार जुळवावं लागलं नाही. वरपासून खालपर्यंत दोनच ओळी, मोटर ऑन, मोटर ऑफ, मोटर ऑन, मोटर ऑफ. महिनोन्‌महिन्यांचे मेसेज, आणि त्यात ह्यांना जेवलास का म्हणून कुणी विचारलेलं नाही.

दुपारी हे पुन्हा गच्चीवर होते. पानं वाढली होती. मी हाक मारली नाही. फोन घेतला आणि ह्यांच्या नंबरवर लिहिलं, 'भूक लागली असेल. खाली या.'

मग जिन्यावर पावलं वाजली. दारात येऊन उभे राहिले. फोन हातात.

"आत्यांचा निरोप आला," म्हणाले.

मी म्हटलं, "आत्यांचा नाही."

"माहीत आहे," म्हणाले, आणि पानावर बसले. फोन मात्र खिशात ठेवला नाही, ताटाशेजारी उताणा ठेवला आणि मधून मधून बघत जेवले.