कडी

सुकन्याबाई आणि आरती मॅडम एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. गॅदरिंगला माईक कुणी धरायचा, एवढंच कारण. राहात्याजवळच्या उसातल्या त्या वस्तीशाळेत शिक्षिका दोघीच. "मॅडमना सांग, खडू संपला," "बाईंना सांग, माझ्याकडं नाही," असे निरोप पोरं पोचवायची. यात पाढे मागं पडले. मागच्या भेटीत केंद्रप्रमुख स्पष्टच म्हणाले होते, "पुढच्या वेळी एकी दिसली नाही, तर दोघींची बदली. जिल्ह्याच्या दोन टोकांना!" निवृत्तीला आलेल्या सुकन्याबाईंनी तेव्हापासून धसका घेतला होता.

त्यात आठवडाभर उसात बिबट्या असल्याची आवई. त्या दिवशी परिपाठ संपतो न संपतो तोच खिचडी शिजवणाऱ्या छबूबाई पळत आल्या. हातात उलथनं तसंच.

"बाई, पिवळं पिवळं कायतरी संडासात शिरलं! लई मोठं हाय!"

"शेपूट दिसलं का?" सुकन्याबाईंनी विचारलं.

"शेपूट बघायला थांबू व्हय मी?"

तेवढ्यात आतून घशातली गुरगुर ऐकू आली. आरती मॅडमनी पोरं वर्गात कोंडली. मग दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. बाक एकीला उचलणार नव्हता. एक टोक हिनं धरलं, दुसरं तिनं. सुकन्याबाईंनी डोळे मिटून बाहेरची कडी घातली, दोघींनी बाक दाराला लावला आणि त्यावर बसूनच राहिल्या. आतून धडाधड लाथा बसू लागल्या.

"अहो, मी आहे! दार उघडा!"

आवाज केंद्रप्रमुखांचा होता.

साहेब अचानक भेटीला आले होते. मोटारसायकल रस्त्यावरच लावून, अंगात पिवळं जाकीट. तोंडात तंबाखूचा बार, आणि फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा'! गपचूप थुंकायला म्हणून ते मागून संडासात शिरले, गडबडीत रस घशात गेला, आणि त्यांना ठसका लागला.

दार उघडलं तेव्हा साहेब लालबुंद झाले होते.

"अधिकाऱ्याला संडासात कोंडता? बदली राहू द्या, निलंबनच मागतो!"

"साहेब, आधी चूळ भरा," सुकन्याबाई कशाबशा म्हणाल्या आणि त्यांना ऑफिसात घेऊन गेल्या. तिथं त्यांना चहा ओतून दिला. सहज खिडकीबाहेर नजर गेली. नळापाशी चिखलात आरती मॅडम बसल्या होत्या. मूठ दाबायची, वर चार बोटं टेकवायची. पुन्हा मूठ, पुन्हा बोटं.

सुकन्याबाईंना क्षणात उमगलं. भांडणानंतर पहिल्यांदाच त्यांनी थेट हाक मारली, "मॅडम, साहेबांना बिबट्याचे ठसे दाखवता का?"

"दाखवते की, बाई!"

ठसे पाहून साहेब चहाची बशी तिथंच ठेवून मागं सरकले. "म्हणजे... तो बाहेर होता? तुम्ही कडी घातली म्हणून मी..." त्यांनी तिथंच वनखात्याला फोन लावला, भेटवहीत 'शिक्षकांत उत्तम समन्वय' असा शेरा मारला आणि जाकीट काढून काखेत धरून निघून गेले.

आता वनरक्षक येणार! दोघींना नवी धडकी भरली. दुपारी हनुमंत नावाचा वनरक्षक आला. नळापाशी वाकला आणि हसला.

"हे कुनी हातानं काढल्यात?"

"पोरांनी!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"वाटलंच." तो संडासामागं गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा हसत नव्हता.

"तिकडचं मातूर पोरांनी काढल्यालं न्हाईत. सकाळचंच हायेत. दारापतुर येऊन माघारी फिरलाय. सकाळी हितं कोन हुतं?"

ज्या बाकावर दोघी दाराकडं तोंड आणि उसाकडं पाठ करून बसल्या होत्या, तो अजून तिथंच होता. छबूबाईंनी मटकन बसून उलथनं छातीशी धरलं.

हल्ली शाळा सुटली की सुकन्याबाई आणि आरती मॅडम हातात हात घालून डांबरी रस्त्यापर्यंत जातात. पुढं एकीला व्हायचं नसतं, मागं दुसरीला राहायचं नसतं. पोरं मध्ये, छबूबाई शेवटी थाळी बडवत. पाढे आता सगळ्यांना येतात, कारण ते वाटेनं मोठ्यांदा म्हणायचे असतात.

गाव कौतुकानं म्हणतं, "काय एकी हाय बायांची!"

ऊस तुटून जाईपर्यंत तरी ती टिकेल.