ढोलवाल्याच्या मापाचे कोट

साल दोन हजार सहा. "भाऊजी, मापं डोक्यात ठेवायचे दिवस गेले. आता माझा प्रोग्राम सगळं जपेल!" ऑफिसात कॉम्प्युटर शिकलेल्या वहिनीने शिंपी दिराला ठणकावून सांगितलं.

दिराच्या दुकानाला पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली होती, बँडपथकाचे कोट! ती बिघडली तर बिचाऱ्याला पुन्हा जन्मभर चेन बदलत आणि बटणं लावत बसावं लागणार होतं.

वहिनीने 'गिऱ्हाईक' नावाचा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, लिहिला. त्यातून प्रत्येक वादकाचा वेगळा ऑब्जेक्ट, म्हणजे त्याच्या नावाचं खातं, केलं. छाती, कंबर, बाही मात्र क्लासच्याच माथ्यावर ठेवली, म्हणजे सगळ्यांत सामाईक! नवा माणूस आला की आधीच्याचं माप पुसून त्याचं चढे. शेवटी आला ढोलवाला, कपाटाएवढा रुंद. मग वहिनीने ऐटीत मापांच्या चिठ्ठ्या छापल्या.

कारागीर चक्रावला. "मालक, सगळ्यांची छाती अठ्ठेचाळीस?"

"अहो, बँडवाले ते! फुंकून फुंकून फुगत असतील!" वहिनीने परस्पर उत्तर दिलं.

कोट शिवून झाले. ट्रायलला बासरीवाला कोटात शिरला तो दिसेनासाच झाला!

"आत कोणी आहे का?" ढोलवाल्याने विचारलं.

दीर कोटाच्या बाह्यांत बासरीवाल्याचे हात शोधू लागला.

"थांबा, आत्ता दुरुस्त करते!" म्हणत वहिनीने सगळ्यांची मापं पुन्हा घेतली. या खेपेला तिने ती फंक्शनच्या, म्हणजे मापं टिपणाऱ्या छोट्या तुकड्याच्या, आत ठेवली, पण ज्याच्या त्याच्या ऑब्जेक्टला बांधायची विसरली. फंक्शन संपलं, मापंही गेली. चिठ्ठ्या कोऱ्या!

"वहिनी, मघाशी निदान ढोलवाला तरी होता हो!" दीर कळवळला.

वहिनी रडकुंडीला आली. समोर आरशापुढे वादक एकेक करून आपला ढगळ अवतार बघत होते. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"अहो, आरसा सगळ्यांचा, पण पोट ज्याचं त्याचं! माप ज्याचं त्यालाच बांधायला हवं!" तिने तसं केलं आणि चिठ्ठ्या बिनचूक निघाल्या.

"पण या कोटांचं काय?" दिराने विचारलं.

"आत घ्या की! बासरीवाला शेवटी आला असता तर सगळे कोट त्याच्याएवढेच झाले असते, मग काय केलं असतंत?"

दिराने प्रत्येकाच्या अंगावरच टाचण्या लावून कोट आत घेतले. ते असे चपखल बसले की बँडमास्तर बघतच राहिला.

पुढे त्या फिटिंगवर दिराचं दुकान दुमजली झालं. बासरीवाला अंगाने चांगलाच सुटला, त्याचा कोट पुन्हा ढोलवाल्याच्या मापाचा करावा लागला. ढोलवाला मात्र होता तसाच आहे. वहिनी प्रोग्रामिंग शिकवते. पहिल्याच तासाला ही गोष्ट सांगते, पण एका ओळखीच्या बाईची म्हणून!